मृगातला तेजोमेघ टिपताना: चार अमावास्या, एक छायाचित्र

ऑक्टोबर 2024 मधल्या एका पहाटे मी बाबांना दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ दाखवला. तेजोमेघ म्हणजे अवकाशातला वायू-धुळीचा चमकणारा ढग; खगोलप्रेमींच्या भाषेत हा एम 42. बराच वेळ डोळा लावून ते म्हणाले, "अगं, हा तर धूर दिसतोय. फोटोत गुलाबी, निळा दाखवतात तो हाच का?" तो हाच होता, पण रंग का दिसत नाही हे त्या वेळी मला नीट सांगता आलं नाही. छायाचित्र काढायचं मनात आलं ते त्या प्रश्नामुळे. पहिल्या प्रयत्नापासून छापील प्रत हातात येईपर्यंत चार महिने गेले. या काळात मला जी माहिती शोधून शोधून मिळाली ती एका जागी असावी, म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या प्रश्नाचं उत्तर. अंधारात आपण डोळ्यातल्या ज्या पेशींच्या भरवशावर पाहतो त्या उजेडाला फार संवेदनशील असतात, पण रंग ओळखत नाहीत. रंग ओळखणाऱ्या पेशींना भरपूर उजेड लागतो आणि तेजोमेघाचा उजेड तेवढा पोचत नाही. शिवाय डोळा उजेड साठवून ठेवत नाही. कॅमेऱ्याचं सेन्सर मिनिटन् मिनिटं साठवत राहतं, म्हणून त्याला रंग सापडतात. ते रंग खरे असतात, वरून भरलेले नसतात. पुढचा सगळा खटाटोप मी याच एका गोष्टीच्या खात्रीसाठी केला.

माझी दुर्बीण लहान आहे. भिंगाचा व्यास 72 मिलिमीटर, फोकल लेंग्थ (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) 420 मिलिमीटर. सोबत एक जुना डीएसएलआर, त्यात कसलाही बदल केलेला नाही. या जोडीत आकाशाचा साधारण तीन अंश गुणिले दोन अंशांचा तुकडा मावतो. एम 42 चा पसारा एक अंशाच्या आसपास, म्हणजे पूर्ण चंद्राच्या दुप्पट. त्यामुळे लहान दुर्बीण इथे उणी पडत नाही, उलट सोयीची पडते. मोठ्या दुर्बिणीत हा तेजोमेघ चौकटीबाहेर जातो. नवख्यांनी याच्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण तो इतका तेजस्वी आहे की चुका पोटात घालतो.

पहिला प्रयत्न 1 नोव्हेंबरच्या अमावास्येचा. 2 तारखेच्या पहाटे एकच्या सुमारास दुर्बीण साध्या ट्रायपॉडवर लावली. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश दर सेकंदाला पंधरा विकला सरकतं (एका अंशात 3600 विकला) आणि एवढ्या फोकल लेंग्थला एक सेकंदाच्या आतच तारे रेघोट्या होऊ लागतात. म्हणून अर्ध्या सेकंदाचे दोनशे फोटो काढले, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 3200. दर वीसेक फोटोंनंतर तेजोमेघ चौकटीतून निसटायचा, मग दुर्बीण हाताने पुन्हा वळवायची. संगणकावर सगळे एकमेकांवर रचले, म्हणजे ज्याला स्टॅकिंग म्हणतात ते केलं, आणि मधोमध एक गुलाबीसर डाग वर आला. दाणेदार, अंधुक, पण गुलाबी. मी बाबांना झोपेतून उठवून दाखवला. ज्यांना खर्च करायचा की नाही हे ठरत नाहीये त्यांनी आधी एवढंच करून पाहावं. यासाठी नवीन काहीही विकत घ्यावं लागत नाही.

खर्चाचं सांगायचं तर एकूण पैशांतले निम्म्याहून अधिक माउंटवर गेले, आणि ते योग्यच झालं. माउंट म्हणजे दुर्बीण पेलून आकाशाच्या वेगाने फिरवणारं यंत्र. सुरुवातीला सगळ्यांचा जीव दुर्बिणीत आणि कॅमेऱ्यात अडकतो, माझाही अडकला होता. पण माउंट डुगडुगत असेल तर उत्तम भिंगातूनही तारे अंडाकृतीच येतात. माउंट किती वजन पेलतं असं जे लिहिलेलं असतं, ते फोटोसाठी निम्मंच धरावं. मागणी नोंदवल्यापासून माझं माउंट यायला पाच आठवडे लागले. फील्ड फ्लॅटनर मी वापरलेला घेतला. ते एक भिंग असतं, त्याने चौकटीच्या कडेचेही तारे गोल येतात. गायडिंगचा, म्हणजे ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सांभाळणारा संच, छोटी दुर्बीण आणि तिचा कॅमेरा, एका मैत्रिणीने वापरायला दिला. सॉफ्टवेअरला एक पैसाही लागला नाही. गायडिंगसाठी पीएचडी2, फोटो रचायला सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर, चित्रावर हात फिरवायला गिम्प, ही सगळी मोफत मिळतात.

30 नोव्हेंबरचा शनिवार, दुसऱ्या दिवशी अमावास्या. माउंटची ही पहिली रात्र आणि या रात्री मला एकही कामाची फ्रेम, म्हणजे एकही कामाचा फोटो, मिळाला नाही. माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर करायचा असतो, त्याला पोलर अलाइनमेंट म्हणतात. मी ध्रुवतारा ध्रुवदर्शकाच्या, म्हणजे माउंटमधल्या छोट्या दुर्बिणीच्या, अगदी मधोमध आणून मोकळी झाले. पण ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही. तो साधारण 0.6 अंश बाजूला आहे, म्हणजे चंद्राच्या रुंदीपेक्षाही थोडा जास्त. त्या क्षणी तो ध्रुवाच्या कोणत्या बाजूला आहे हे ॲपमध्ये पाहून, घड्याळाच्या काट्यासारखं त्या जागी त्याला बसवावं लागतं. हे उमजेपर्यंत रात्रीचे दोन वाजले होते. मग बॅटरी संपली. थंडीत बॅटरी नेहमीपेक्षा लवकर मान टाकते, तेव्हा एक जास्तीची खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी.

त्यानंतरचे पंधरा दिवस चांदण्याचे होते, फोटोला निरुपयोगी. ते मी सरावात घालवले आणि तो सल्ला सगळ्यांना देईन. माउंट मांडणं, दुर्बीण दोन्ही अक्षांवर तोलून घेणं, केबल अडकणार नाहीत अशा बांधणं, ध्रुव साधणं, फोकस करणं, हे सगळं गच्चीवर भर चांदण्यात रोज एकदा. पहिल्या दिवशी दीड तास लागला. बाराव्या दिवशी पंचवीस मिनिटांत झालं. अमावास्येची स्वच्छ रात्र महिन्यातून एखादीच मिळते, ती स्क्रू शोधण्यात घालवू नये.

फोकससाठी बाहतिनोव्ह मास्क वापरते. हे खाचा पाडलेलं झाकण असतं, ते भिंगावर लावून एखाद्या ठळक ताऱ्याकडे रोखायचं. मी राजन्याकडे (रायजेल) रोखते. ताऱ्यातून तीन रेषा फुटलेल्या दिसतात. मधली रेषा उरलेल्या दोघींच्या बरोबर मध्ये आली की फोकस झाला. मास्क काढायला विसरू नये, आणि रात्र गार होत जाते तशी नळी आकसते, म्हणून दर तासाने पुन्हा तपासावं.

आमच्या गच्चीवरून आकाश काळं दिसतच नाही, राखाडी दिसतं. अंधारी जागा शोधली ती सरकारी हद्दीतली निघाली, रात्री थांबायला लेखी परवानगी हवी. 4 डिसेंबरला अर्ज दिला. सोबत दोघांची ओळखपत्रं, गाडीचा क्रमांक, सामानाची यादी. दोन दिवसांनी बोलावणं आलं, कारण किती जण आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत हे मी लिहिलं नव्हतं. शिवाय यादीतला 'माउंट' आणि 'गायडर' हे काय प्रकार आहेत ते सांगता येईना, मग फोनमधले फोटो दाखवले. अकराव्या दिवशी शिक्का मारलेलं पत्र मिळालं. असा अर्ज करणार असाल तर सामानाचं सोप्या शब्दांत वर्णन करा, 'ताऱ्यांचे फोटो काढण्याची दुर्बीण आणि तिची तिपाई' एवढं पुरतं. एकाच तारखेऐवजी तीन-चार तारखा मागा. मी चार मागितल्या म्हणून ढगाळ रात्री वाया जाऊनही पत्र पुन्हा काढावं लागलं नाही.

28 डिसेंबर. बाबा बरोबर आले. सूर्यास्ताआधी पोचून मांडामांड केली, साडेआठला पहिली दोन मिनिटांची फ्रेम उघडली. ती कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आली तेव्हा मी काही बोललेच नाही. दोन पंख पसरलेला गुलाबी पक्षी, मध्ये पांढरा गोळा. बाबांनी लाल टॉर्च बाजूला ठेवला आणि वाकून पाहत राहिले.

बावीस फ्रेम झाल्यावर तारे फुगायला लागले. फोकस हलला असेल म्हणून तपासला, तो जागेवर होता. मग भिंगावर टॉर्च मारला आणि दिसलं की त्यावर दवाचा पांढरा पापुद्रा चढला आहे, श्वास सोडलेल्या आरशासारखा. पुसायचं नाही, भिंगावरच्या लेपाला चरे पडतात. भिंग कोरडं व्हायची वाट पाहिली, दहा मिनिटांत पुन्हा दव. त्या रात्रीची जमा चव्वेचाळीस मिनिटं. घरी येऊन रचली तर कोपरे काळवंडलेले आणि मध्येच धुळीची करडी वलयं, कारण मी फ्लॅट, म्हणजे हे दोष नंतर काढून टाकायला लागणारे कोऱ्या पांढऱ्या उजेडाचे फोटो, काढले नव्हते. भिंगाभोवती गुंडाळायचा गरम पट्टा दुसऱ्याच दिवशी मागवला. खरं तर तो माउंटच्या बरोबरीनेच घ्यायला हवा होता.

जानेवारीचे तीन आठवडे ढगांनी आणि चंद्राने खाल्ले. अंदाज रोज पाहायचा, सामान दाराशी बांधून ठेवायचं आणि संध्याकाळी परत आत न्यायचं. या काळात चिडचिड होते, तीही या छंदाचा भाग आहे असं समजून मी सोडून दिलं.

मग 25 जानेवारीचा शनिवार. चंद्र पहाटे उगवणार, वारा नाही. साडेसातला गायडिंग सुरू झालं. गायडिंग म्हणजे छोट्या दुर्बिणीतला कॅमेरा एका ताऱ्यावर सतत नजर ठेवतो आणि तो जरा सरकला की माउंटला दुरुस्त करतो. सात चाळीसला पहिली फ्रेम.

या तेजोमेघाची खरी अडचण त्याच्या मध्यात आहे. तिथे चार तारे दाटीवाटीने आहेत, त्यांना ट्रॅपेझियम म्हणतात. त्यांतला सर्वांत ठळक, थीटा-1 सी, इतका तप्त आहे की आसपासचा वायू मुख्यतः त्याच्याच अतिनील किरणांनी उजळतो. त्यामुळे मध्यभाग झगझगीत आणि पंखांची टोकं अगदी मंद. पंखांसाठी दोन मिनिटं उघडं ठेवलं की मध्य पांढराफटक जळतो, मध्यासाठी पाच सेकंद ठेवलं की पंख गायब. म्हणून तीन वेगवेगळ्या मुदतींच्या फ्रेम घेतल्या. आयएसओ 800 वर 120 सेकंदांच्या 66, तीस सेकंदांच्या 30 आणि पाच सेकंदांच्या 40. पाच सेकंदांची फ्रेम मोठी करून पाहिली आणि त्या जळलेल्या गोळ्याच्या जागी चार टाचणीएवढे ठिपके दिसले, भोवती हिरवट-निळसर पडदा. माझ्या लेखी त्या रात्रीचं सगळ्यात मोठं दृश्य ते होतं.

सव्वानऊच्या सुमारास तेजोमेघाने दक्षिणोत्तर रेषा ओलांडली. या प्रकारच्या माउंटला तेव्हा दुर्बीण दुसऱ्या अंगाला पलटवावी लागते, नाहीतर ती पायाला धडकू शकते. मी आधीच फ्रेम थांबवल्या, केबल हाताने धरल्या, पलटवलं, नेम पुन्हा साधला, गायडिंग नव्याने लावलं. वीस मिनिटं गेली. पलटल्यावर चित्र उलटं येतं, त्याची काळजी नको, रचताना सॉफ्टवेअर ते सरळ करून घेतं.

अकराच्या आधी तेजोमेघाच्या फ्रेम संपल्या, पण लगेच आवरायचं नसतं. भिंगावर पांढरं स्वच्छ कापड ताणून, त्यावर लॅपटॉपचा पांढरा पडदा धरून 25 फ्लॅट काढले. कॅमेरा न फिरवता, फोकसला हात न लावता, हे महत्त्वाचं. मग झाकण लावून तेवढ्याच वेळाचे, त्याच गारठ्यात 20 डार्क, म्हणजे सेन्सरचा स्वतःचा गोंगाट नंतर वजा करता येतो. शेवटी अगदी कमी वेळाच्या पन्नास बायस फ्रेम, सेन्सरची मूळ पातळी कळावी म्हणून. दमलेल्या माणसाला हा पाऊण तास फार जड जातो. बाबा गाडीत झोपले होते, मी बोटं काखेत धरून डार्क मोजत बसले.

घरी आल्यावर सगळं मिळून सहा जीबीच्या आसपास भरलं. 66 मधल्या आठ फ्रेम काढून टाकल्या, कारण त्यांत तारे लांबट होते. उपग्रहांच्या रेषा असलेल्या मात्र ठेवल्या. पुरेशा फ्रेम असल्या की रचताना सॉफ्टवेअर अशा रेषा आपोआप गाळून टाकतं. उरलेल्या 58, म्हणजे एक तास छप्पन्न मिनिटं. फ्रेम चौपट केल्या की गोंगाट निम्मा होतो, असा हा हिशेब आहे. सुरुवातीला झपाट्याने सुधारणा दिसते आणि पुढे प्रत्येक पायरीला दुप्पट-चौपट रात्री मागते.

रचलेलं चित्र उघडलं की ते जवळजवळ काळंच दिसतं. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला होता. सगळं त्यातच असतं, फक्त अंधाऱ्या टोकाला दाबलेलं. आधी कडेचा शहरी उजेडाचा पिवळट थर काढायचा, मग रंगांचा तोल साधायचा आणि मगच हळूहळू स्ट्रेच करायचं, म्हणजे दबलेले अंधारे भाग उजळायचे. मी पहिल्या आठवड्यात हावरटपणा केला. रंग इतके ताणले की पंख लालभडक आणि पार्श्वभूमी डांबरासारखी झाली. दोन दिवस बाजूला ठेवून पुन्हा पाहिलं तेव्हा ते चित्र खोटं वाटलं. पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. हे तीनदा झालं. एकूण तीन आठवडे गेले.

या वेळी मी प्रत्येक रंगाचं कारण शोधत पुढे गेले, आणि तेव्हाच कुठे हात आवरला. लाल-गुलाबी रंग हायड्रोजनचा, 656.3 नॅनोमीटरचा. साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढची गाळणी हा लाल बराचसा अडवते, म्हणून माझे पंख गर्द लाल न येता गुलाबी आले. हायड्रोजनचाच दुसरा, निळसर प्रकाश त्यात मिसळतो. मध्यभागातला हिरवट पडदा ऑक्सिजनचा. या हिरव्याची गोष्ट मला फार आवडते. 1864 मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा वर्णपट तपासला तेव्हा अशा हिरव्या रेषा दिसल्या, ज्या पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात. 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्य असावं असं मानलं गेलं. 1927 मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन आहे. तेजोमेघातला वायू इतका विरळ की अणूंची टक्कर क्वचित होते, म्हणून हा प्रकाश तिथे बाहेर पडू शकतो. माझ्या चित्रात तो हिरवा दिसत होता आणि पहिल्या आवृत्तीत मीच तो 'बिघाड' समजून काढून टाकला होता.

तीन मुदतींच्या फ्रेम एकत्र करताना मध्यभागी मास्क (हा संगणकावरचा, ठरावीक भागच उघडा ठेवणारा पडदा) लावून पाच सेकंदांचा थर आत मिसळला. कडा दिसू नये म्हणून मास्क चांगला धूसर करावा लागतो.

या कामात मन लागलं असताना कळलं की तेजोमेघाचं जगातलं पहिलं छायाचित्र याच एम 42 चं आहे. हेन्री ड्रेपर यांनी 30 सप्टेंबर 1880 रोजी 11 इंची दुर्बिणीतून 51 मिनिटांचं एक्सपोजर देऊन ते घेतलं. त्यात फक्त तेजस्वी मध्यभाग उमटला. ते वाचल्यावर माझी ती पहिली, ट्रायपॉडवरची गुलाबी डागाची फाइल मी पुसली नाही, जपून ठेवली.

छापील प्रत 1 मार्चला आली. छापायला देण्याआधी लहान आकारात एक नमुना काढून घ्या, पडद्यावर दिसतं त्यापेक्षा कागदावर सगळं गडद येतं. माझा पहिला नमुना वाया गेला होता. बाबांनी प्रत खिडकीशी नेली. वरच्या बाजूच्या निळ्या तुकड्यावर बोट ठेवून विचारलं, "आणि हा?" तो एनजीसी 1977, शेजारचा दुसरा तेजोमेघ. तिथली धूळ जवळच्या ताऱ्यांचा निळा उजेड परावर्तित करते, म्हणून तो गुलाबी नाही. त्या धुळीच्या बारीक रेषा माझ्या चित्रात अजून फुटलेल्या नाहीत, त्यासाठी आणखी तीन-चार तास तरी लागतील आणि ते पुढच्या हिवाळ्यात.

त्याच संध्याकाळी अंधार पडल्यावर मृग अजून वर होता. कॅमेरा न लावता, अधिक मोठं दाखवणारा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावून बाबांना बसवलं. थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवा, असं सांगितलं. दोन-तीन मिनिटं ते गप्प होते.

"रंग नाहीच गं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण मध्ये तारे आहेत. थांब, मोजू दे. चार. चारही दिसतायत."

भिंगावर दव धरेपर्यंत त्यांनी आयपीस सोडला नाही.